बाजूला ठेवलेला थेंब

देवावर माझा राग वगैरे काही नव्हता. मला त्याच्यासाठी सवड नव्हती, एवढंच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई पेटली होती त्या वर्षांत मी परळच्या एका रुग्णालयात डॉक्टरकीची पुढची पदवी करत होते आणि तिथल्याच रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत माझं संशोधन चालू होतं. राहायला होते लालबागला, मामाच्या चाळीत. एका खोलीत मामा, मामी, त्यांची तीन मुलं आणि खिडकीजवळच्या ट्रंकेवर पुस्तकं मांडून बसलेली मी. मामी दिवेलागणीला म्हणायची, "हात तरी जोड गो बाये," आणि मी पुस्तकातून मान न काढता एक हात कपाळाला लावल्यासारखं करायचे. परीक्षेला देव बसणार नव्हता, मलाच बसायचं होतं. आता वय झालं, केस पिकले, म्हणून हे लिहायला बसले आहे. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. जे झालं ते सांगते, ज्याचं त्याने ठरवावं.

भिंतीपलीकडे भिकूदादा राहायचा. मालवणच्या बाजूचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. दर गुरुवारी चाळीचं भजन त्याच्या खोलीत व्हायचं आणि पखवाज त्याचाच. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. ती कणीक वर्षानुवर्षं आमच्या मामीकडून जायची. गुरुवारी संध्याकाळी दादा दारात उभा राहून हात पुढे करायचा, मामी चपात्यांच्या कणकेतला एक गोळा त्याच्या तळव्यावर ठेवायची, आणि मग दोन तास माझ्या डोक्यात धुमधुम. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, त्यात त्या आठवड्यात रोज दगडफेक, लाठ्या, अश्रुधूर, रुग्णालयात जखमींची रीघ. त्या गुरुवारी मामी नळावर गेली होती. दादा दारात आला आणि माझी सटकली. म्हटलं, "दादा, कणीक खायला असते, बडवायला नाही. बाहेर माणसं मरतायत आणि तुम्हाला टाळ कुटायचं सुचतंय! आज एक दिवस माझ्या कानांना विसावा द्या." उचलली जीभ लावली टाळ्याला. दादा हसून म्हणाला, "आमचो देव तुका इतको त्रास देता काय गो?" आणि रिकामा हात लेंग्याला पुसत निघून गेला. त्या दिवशी भजन झालं, पण नुसत्या टाळांवर. भिंतीपलीकडून पखवाज काही वाजला नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण त्या संध्याकाळी माझं एक पानही वाचून झालं नाही.

आता माझ्या संशोधनाबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, गिरणगावातल्या कुटुंबांचे रक्तगट गोळा करत होते. मी चाळीचाळींतून हिंडून लोकांचं रक्त नळीत घ्यायचे आणि प्रयोगशाळेत येऊन तपासायचे. सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मुंबईत अगदी थोड्या माणसांत एक अजब रक्त सापडलं आहे. साध्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचं दिसतं, पण त्याला ‘ओ’चं रक्तही चालत नाही. कुणाचंच चालत नाही. जुळतं ते फक्त तसंच रक्त असलेल्या दुसऱ्या माणसाचं. "असं काही दिसलं तर मला लगेच सांगा," सर म्हणाले होते.

आणि मला ते दिसलं होतं. घोडपदेवच्या एका चाळीत अनसूयाबाई नावाची सुईण होती. पन्नाशीला टेकलेली, सडसडीत, कपाळ मोकळं. दंड पुढे करून म्हणाली होती, "घे की. रक्त काय, पुन्हा येतं. कधी कुणाला लागलं तर हाक मार." मी हसून हो म्हटलं. प्रयोगशाळेत तिचं रक्त ‘ओ’ दिसलं, पण ते नळीत साकळल्यावर वर सुटलेलं पाणी ज्या ज्या रक्तात मिसळलं त्या त्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. मी सरांना सांगितलं? छे. मला वाटलं, माझी नळीच नीट धुतलेली नसणार. त्याच आठवड्यात नळ्या घाण राहिल्या म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती, पुन्हा हसं कोण करून घेणार? वहीतल्या त्या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘नमुना खराब’. ही माझी लबाडी मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

एक खोड मात्र मला होती, आणि ती आईमुळे लागलेली. गावी आमच्याकडे स्वयंपाक झाला की आई आधी केळीच्या पानाच्या तुकड्यावर घास घास वाढून देवासाठी बाजूला ठेवायची. त्याला आम्ही वाडी म्हणतो. वाडी ठेवल्याशिवाय घरात कुणी पहिला घास घ्यायचा नाही. मी मुंबईला निघाले तेव्हा आईने मला एवढंच मागितलं. "बाये, देवपूजा करू नको, उपास करू नको. पण जे काम हातात घेशील त्यातलं पहिलं थोडं त्याच्यासाठी बाजूला काढ. विसरू नको हं." रक्तातलं काय बाजूला काढणार, कपाळ! पण आईला शब्द दिला होता. म्हणून मी टेबलाच्या कोपऱ्यात एक काच ठेवायचे आणि प्रत्येक नळीतला पहिला थेंब तिच्यावर टाकायचे. दोन नळ्या असल्या तर दोन टोकांना दोन थेंब. संध्याकाळी काच धुवून टाकायची. मैत्रिणी तिला ‘देवाची काच’ म्हणून माझी टिंगल करत, आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

त्या भजनाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळपासून लालबागच्या बाजूने गोळीबाराचे आवाज येत होते. दुपारी बाराच्या सुमारास अपघात विभागातून निरोप आला की मांडीत गोळी लागलेला एक माणूस आणलाय, रक्त फार गेलंय, ताबडतोब एक बाटली हवी. सोबत त्याच्या रक्ताची नळी होती. चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. भिकूदादा होता. मोर्चात तो नव्हताच. मागाहून कळलं की चाळीच्या तोंडाशी घाबरून उभ्या असलेल्या एका म्हातारीला आत घ्यायला तो धावला होता.

माझे हात कापत होते. रक्तगट पाहिला, ‘ओ’. कपाटात ‘ओ’च्या बाटल्या होत्या, प्रत्येकीला तिच्यातल्या रक्ताची छोटी नळी बांधलेली. नियम असा की गट जुळला तरी रोग्याचं रक्त आणि बाटलीतलं रक्त एकत्र करून, वेळ देऊन पाहायचं, मगच बाटली सोडायची. पण त्या आठवड्यात धावपळ अशी होती की ‘ओ’ला ‘ओ’ असेल तर थोडा कानाडोळा करायची सगळ्यांना सवय लागली होती. मी मात्र तोवर एकदाही तसं केलं नव्हतं. वरून दुसऱ्यांदा हाक आली. जिन्यात दादाची बायको सुलूवहिनी रडत उभी होती. मला पाहताच तिने माझा हात धरला. "माज्या घोवाक वाचय गो बाये." मी आत गेले, न जुळवताच शिपायाच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, "पळा!"

शिपाई गेला. मी टेबल आवरायला घेतलं. नळ्या उचलल्या, चिंधी फिरवली, आणि कोपऱ्यातली देवाची काच धुवायला हातात घेतली. एवढ्या घाईतही मी सवयीने दोन्ही नळ्यांतले पहिले थेंब तिच्यावर टाकले होते. दादाच्या रक्तावरचं पाणी आधी, बाटलीचं रक्त नंतर. पण हात कापत असल्यामुळे दुसरा थेंब आपल्या टोकाला न पडता पहिल्या थेंबावरच पडला होता. इतक्या महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. मी काच उजेडाकडे धरली. रक्त एकसारखं लाल राहायला हवं होतं. ते ओल्या कुंकवात रवा पडावा तसं कणाकणांनी फुटलं होतं.

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की डॉक्टरांनी दादाच्या हातात सुई खुपसण्यासाठी दंड धरला होता आणि मी दारातून ओरडले, "थांबा! ते रक्त देऊ नका! मी जुळवून पाहिलं नाही!" सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. ती बाटली चढली असती तर दादा गोळीने नाही, माझ्या हाताने मेला असता. मी काच पुढे केली. डॉक्टरांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

सर धावत आले. आम्ही दोघांनी कपाटातली एकेक बाटली जुळवून पाहिली. सगळ्यांच्या गुठळ्या. सर हळूच म्हणाले, "हे तेच रक्त आहे." शस्त्रक्रियेचे डॉक्टर येऊन सांगून गेले की रक्तस्राव दाबून धरलाय, मिठाचं पाणी चालू आहे, पण रक्त मिळाल्याशिवाय त्याच्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही. संध्याकाळच्या आत मिळालं तर ठीक. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्या क्षणी मला ती रेघ आठवली. मी वही उघडून सरांपुढे धरली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. आता रागावतील, संशोधनातून काढून टाकतील, काही का होईना, असं वाटत होतं. सरांनी चष्मा वर केला, वहीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "खोडलंस, पण नाव वाचता येतंय ना? मग इथे काय उभी आहेस? जा तिच्याकडे."

रुग्णवाहिका सगळ्या बाहेर गेलेल्या, बस-ट्रॅम बंद. मी पांढरा कोट घालून चालत निघाले. लालबागचा नेहमीचा गजबजलेला रस्ता मी तसा कधी पाहिला नव्हता. दुकानांना फळ्या, रस्त्यात विटांचे तुकडे, एकेरी चपला, आणि पोलिसांच्या बुटांचा आवाज. दोन ठिकाणी अडवलं, कोट पाहून सोडलं. घोडपदेवला पोचले तेव्हा चाळीचे सगळे दरवाजे बंद होते. सुईणीचं नाव घेतल्यावर वरच्या कठड्यावरून एक बाई म्हणाली, "ती नाय हो घरी. काल सकाळीच वरळीला गेलीय, बाळंतपणाला. पयलटकरीण हाय, उद्यापातूर काय सुटायची नाय. आणि सुटली तरी या दंग्यात ही येतीय कशी?"

मी तिच्या बंद दारासमोरच्या पायरीवर बसले. वरळी कुठे, घोडपदेव कुठे. वरळीत कुणाच्या घरी, कुठल्या चाळीत, त्या बाईला माहीत नव्हतं. माझी सगळी हुशारी तिथे संपली. पुस्तकातलं एक वाक्य उपयोगी नव्हतं. सारखा तो रिकामा हात डोळ्यांपुढे येत होता, लेंग्याला पुसलेला. दादा गेला तर माझ्याकडून त्याला मिळालेली शेवटची गोष्ट तो नकार असणार होता. मी तोंड कोटाच्या बाहीत खुपसलं आणि रडले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल, दोन्ही हात जोडले. मागितलं काय? नीटसं काही मागताही आलं नाही. एवढंच म्हटलं, "माझ्याकडून होतं तेवढं झालं. चुका करायच्या त्याही करून झाल्या. आता तू बघ."

किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल. पावलं वाजली आणि डोक्यावर कुणीतरी हात ठेवला. "काय गं बाय, अशी का बसलीस? कुणाच्या पोटात दुखतंय?"

अनसूयाबाई समोर उभी होती. काखेत कपड्यांचं गाठोडं, पाय धुळीने पांढरे. ती पायरीवर टेकत म्हणाली, "पयल्या खेपेची, मला वाटलं दोन दिवस घेणार. पण बघता बघता मोकळी झाली. तीस वर्षं झाली या कामाला, इतकी झटकन सुटलेली पयलटकरीण मी बघितली नाय. मग म्हटलं, चला, घरी जाऊ." वरळीहून ती दंग्यातून चालत आली होती. मी तिला सगळं सांगितलं, खोडलेल्या ओळीसकट. तिने ऐकून घेतलं. आत जाऊन तांब्याभर पाणी प्याली, मला दिलं, आणि दार ओढून घेतलं. एवढंच. ‘विचार करते’ नाही, ‘घरच्यांना विचारून सांगते’ नाही. दार लागायच्या आधी माझं लक्ष आतल्या कोनाड्याकडे गेलं. आमच्याकडे जिथे देव असतात तिथे तिच्याकडे शाळेची पुस्तकं रचून ठेवलेली होती.

परतताना पोलिसांनी आम्हाला पुलाजवळ अडवलं. हवालदार म्हणाला, "रस्ता बंद आहे." अनसूयाबाई थांबलीसुद्धा नाही. चालता चालता म्हणाली, "जलमायला आणि मरायला बंदी केलीय का सरकारनं? सुईण हाय मी. बाजूला हो." तो खरंच बाजूला झाला. मी तिच्यामागून पदराला धरून चालावं तशी चालत होते.

या वेळी मी एकही पायरी गाळली नाही. तिचं रक्त आणि दादाचं रक्त तीन तीनदा जुळवून पाहिलं, सरांनी पाहिलं, मग पुन्हा मी पाहिलं. एकसारखं लाल, एक कणही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सर दुसरीकडे बघायला लागले. सूर्य मावळायच्या आत अनसूयाबाईचं रक्त दादाच्या अंगात चढत होतं आणि शस्त्रक्रिया सुरू झाली होती. बाहेरच्या बाकावर ती चहा पीत बसली होती. सुलूवहिनी येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवायला गेली, तशी तिने पाय आखडून घेतले. "अगं, पाया काय पडतेस? ऊठ, घोटभर चहा घे आधी." वहिनीने तिच्याच कपातला उरलेला चहा घेतला. त्या काळी चाळीचाळींत कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही याचे जातीपातीचे हिशेब होते, ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "बाई, देवानेच तुम्हाला पाठवलं हो." तिने माझ्याकडे जरा हसून पाहिलं. "देवाचं मला सांगू नको बाय. आम्ही कोनाड्यातले देव कवाच काढले. तू माझ्या दारात बसली हुतीस म्हणून मी आले. तू नसतीस तर मी जेवून झोपले असते." पण आजही मला वाटतं, तिला दारात मी भेटले आणि मला दारात ती भेटली, यात नक्की कुणी कुणाला पाठवलं हे सांगणारा कुणी तिसराच असावा. तिला ते पटलं नसतं. माझं तिच्याशी भांडण नाही. तिने न मानलेल्या देवाचे पाय मला तिच्याच धुळीने भरलेल्या पायांत दिसले, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. मी खोडलेल्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, नाव, गाव, सगळं स्वच्छ अक्षरात. माझ्या हुशारीने जे खराब म्हणून फेकून दिलं होतं त्यावर एक माणूस जगला होता, आणि आईच्या भोळ्या शब्दाखातर मी हसत हसत जे बाजूला ठेवलं होतं त्याने मला खुनी होण्यापासून वाचवलं होतं. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं डॉक्टरकी केली. जुळवणी कधी गाळली नाही, कानाला खडा. आणि पहिला थेंब बाजूला ठेवायचंही कधी सोडलं नाही. हात आपले, काम आपलं, पण थेंब कुठे पडावा ते आपल्या हातात नाही, एवढं मला त्या काचेने शिकवलं.

दादा दीड महिन्याने घरी आला, काठी टेकत. पुढच्या गुरुवारी चाळीने भजन ठेवलं. अनसूयाबाईला सुलूवहिनी स्वतः जाऊन घेऊन आली होती. ती उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली, "मी आपली ऐकायला," म्हणून. टाळ आले, माणसं जमली, पण दादा काही कणीक मागायला आला नाही. भिंतीपलीकडे तो पखवाज मांडीवर घेऊन नुसता बसून होता, हे मला न बघता कळत होतं. मी पुस्तक मिटलं. मामीला म्हटलं, "सरक, आज मी मळते." कणीक भिजवली, तिच्यातली पहिली चिमूट काढून ताटाच्या कडेला ठेवली, आणि गोळा घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. दादाने वर पाहिलं. "परीक्षा आसा मा गो तुझी?"

"आहे," मी म्हटलं. "तुम्ही वाजवा."

त्याने हात पुढे केला आणि मी त्याच्या तळव्यावर कणीक ठेवली.